बकासुर हा कथेचा नायक नव्हे

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर आधारलेल्या चित्रपटांची व मालिकांची रांग शंभर वर्षांनंतरही थांबलेली नाही. मात्र या रूपांतरांची तुलना करायला बसलेले आपल्याकडचे चित्रपटरसिक आणि भयकथांचे निष्ठावंत वाचक जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नापाशी अडकतात, आणि तो प्रश्न म्हणजे काउंट ड्रॅक्युलाची भूमिका सर्वांत चांगली कोणी केली. बेला लुगोसी, ख्रिस्तोफर ली आणि गॅरी ओल्डमन या तीन नावांत वाद रंगतो आणि त्या वादाच्या निकालावरच चित्रपटांचीही प्रतवारी लावली जाते. या मताचा आशय असा की, काउंट जमला म्हणजे रूपांतर जमले. मीना ही गळा पुढे करण्यापुरती, व्हॅन हेल्सिंग हा लसूण आणि क्रूस घेऊन येणारा म्हातारा, रेनफील्ड हा किडे खाणारा वेडा, आणि या भूमिका कोणीही केल्या तरी फारसे बिघडत नाही. याच मताला अलीकडे आणखी एक पुरवणी जोडली जाते, ती अशी की काउंटला विरही प्रियकर केल्यामुळे मूळच्या सपाट खलनायकाला मन मिळाले आणि म्हणून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा १९९२ चा चित्रपट कादंबरीच्या सर्वांत जवळचा, किंबहुना तिच्याहून परिपक्व आहे. हे मत इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. ते मुळापासून चुकीचे आहे आणि त्याने एका थोर कादंबरीच्या खऱ्या नायिकेवर गेली कित्येक दशके अन्याय केला आहे.

कादंबरीची रचना पाहिली तरी या मताचा पाया खचतो. व्हॅम्पायर, म्हणजे मृत्यूनंतरही देहाने वावरणारा आणि जिवंतांच्या रक्तावर तगणारा जीव, या पुस्तकात पहिल्या चार प्रकरणांपुरता यजमान म्हणून समोर असतो. ट्रान्सिल्व्हेनियातल्या त्याच्या वाड्यातून कथा इंग्लंडमध्ये आली की उरलेल्या तेवीस प्रकरणांत तो मोजक्या वेळाच दिसतो आणि बाकी सर्वत्र त्याच्या खुणा, त्याचे परिणाम आणि त्याच्याविषयीचे तर्क दिसतात. संपूर्ण कादंबरी दैनंदिन्या, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे, जहाजाची नोंदवही आणि फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केलेल्या टिपणांची बनलेली आहे, आणि एक-दोन पत्रे सोडली तर यातला कोणताही दस्तऐवज काउंटचा नाही. हे सारे कागद एकत्र कोण करते? शाळेत साहाय्यक शिक्षिका असलेली, लघुलिपी आणि टंकलेखन शिकलेली, आगगाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ करणारी मीना. पती जोनाथन याची लघुलिपीतली दैनंदिनी ती उतरवते, रेनफील्डवर उपचार करणाऱ्या डॉ. सीवर्डच्या नळकांड्या ऐकून टंकलिखित करते, तारखांप्रमाणे सगळे लावते आणि एकाच वेळी अनेक प्रती काढते. काउंट जेव्हा मूळ हस्तलिखिते आणि नळकांड्या जाळून टाकतो तेव्हा तिजोरीत राहिलेली प्रत शिल्लक असते म्हणूनच लढा पुढे चालतो. वाचकाच्या हातात असलेले पुस्तक हेच मीनाच्या टंकयंत्रातून निघालेले पुस्तक आहे, असे कादंबरीच्या शेवटच्या टिपणातच सूचित होते. शेवटच्या पाठलागात काउंट कोणत्या नदीमार्गाने परत जाईल याचा तर्कशुद्ध आराखडाही तीच मांडते, आणि तो बरोबर ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट कथानकाच्या मध्यावर घडते आणि ती समजल्याशिवाय कोणत्याही रूपांतराच्या पात्रयोजनेवर, म्हणजे कोणत्या भूमिकेसाठी कोणाची निवड केली यावर, बोलण्यात अर्थ नाही. मीनाने सर्व माहिती जुळवून दिल्यावर व्हॅन हेल्सिंग आणि इतर पुरुष ठरवतात की यापुढचे काम स्त्रीच्या नाजूक मनाला झेपणार नाही, म्हणून तिला यातून बाहेर ठेवावे. तिला काही सांगायचे नाही, तिने झोपावे. ती अनिच्छेने मान्य करते. ज्या रात्री हे पुरुष काउंट ज्यांत विसावतो त्या मातीच्या पेट्या शोधत रिकाम्या घरात फिरत असतात, त्याच सुमाराला काउंट तिच्या खोलीत येऊ लागतो, आणि सकाळी तिचा फिकट चेहरा पाहून तिच्या नवऱ्याला वाटते की ती दमली आहे. स्टोकरने ही शिक्षा कथानकातच घातली आहे: मीनाला गौण मानले की अनर्थ होतो. मग रूपांतरकार, समीक्षक आणि रसिक यांनी तीच चूक पुन्हा पुन्हा करावी आणि तिला रसिकता म्हणावे, हे कसे मान्य करायचे?

खानदेशातल्या वाचकाला हा मुद्दा पटवण्यासाठी परदेशी दाखल्याचीही गरज पडू नये. जळगाव आणि धुळे यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे, अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हेच महाभारतातले एकचक्रा नगर होय अशी या भागात जुनी समजूत आहे, आणि जवळच्या पद्मालय क्षेत्राच्या रानातले भीमकुंड बकासुरवधाच्या आख्यायिकेशी जोडले जाते. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे देशात इतरत्रही आहेत आणि त्या दाव्यांचा निवाडा करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण आदिपर्वातल्या त्या आख्यानाची घडण डोळ्यांसमोर आणली पाहिजे. बकासुराच्या वाट्याला त्यात किती येते? गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस यांची मागणी, शेवटी झुंज आणि मरण. आख्यानाचा मोठा भाग घडतो तो एका ब्राह्मणाच्या घरात, जिथे आज कोणी जायचे यावरून नवरा, बायको आणि मुलगी प्रत्येकजण स्वतःला पुढे करतात आणि बोबडे बोलणारे लहान पोर हातात गवताची काडी घेऊन राक्षसाला मारायला निघते. भिंतीआडून हा विलाप कुंती ऐकते, आत जाऊन सारी हकीकत विचारून घेते, भीमाला पाठवण्याचा निर्णय करते आणि युधिष्ठिराने हरकत घेतली तेव्हा त्यालाही उत्तर देते. राक्षस हा त्या घरावर आणि त्या नगरावर आलेला प्रसंग आहे. कथा त्या घराची, नगराची आणि ऐकून घेऊन निर्णय करणाऱ्या स्त्रीची आहे. या आख्यानावर चित्रपट काढून त्याची पारख बकासुर किती रुबाबदार दिसला यावर कोणी करू लागला, तर एरंडोलचा कोणताही कीर्तनकार त्याला थांबवील. ‘ड्रॅक्युला’च्या बाबतीत नेमके हेच चालले आहे आणि कोणी थांबवत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे येते की पुस्तकाचे नियम वेगळे आणि पडद्याचे वेगळे. पुस्तकात अनुपस्थिती परिणाम साधते, पडद्यावर मात्र दिसणारा नटच चित्रपट तोलून धरतो. हा युक्तिवाद वजनदार वाटतो, पण पडद्याचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. फ्रीड्रिख मुर्नाऊ यांचा १९२२ चा मूक जर्मन चित्रपट ‘नोस्फेराटू’ परवानगीशिवाय काढलेला होता, म्हणून त्यात पात्रांची नावे बदललेली आहेत. स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, तरी काही प्रती वाचल्या. मॅक्स श्रेकचा उंदरासारख्या दातांचा काउंट आजही अंगावर येतो, याबद्दल वाद नाही. पण तो चित्रपटात थोडाच वेळ दिसतो, आणि चित्रपटाचा शेवट कोण घडवते? ग्रेटा श्र्योडरची एलेन. नवऱ्याने मनाई केलेले पुस्तक ती वाचते, उपाय समजून घेते, खिडकी स्वतः उघडते आणि कोंबडा आरवेपर्यंत त्या पिशाच्चाला आपल्यापाशी रोखून धरते. व्हॅम्पायर सूर्यप्रकाशाने नष्ट होतो ही आज सर्वांना ठाऊक असलेली कल्पना याच चित्रपटातून रूढ झाली. कादंबरीतला काउंट दिवसाही हिंडू शकतो. म्हणजे पडद्यावरच्या या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध नियमच एका स्त्रीच्या निर्णयातून जन्माला आला आहे.

त्याहून निर्णायक पुरावा १९३१ चा आहे. युनिव्हर्सल कंपनीने त्या वर्षी टॉड ब्राउनिंग यांच्या दिग्दर्शनाखाली इंग्रजी ‘ड्रॅक्युला’ काढला, ज्यात रंगभूमीवर ही भूमिका गाजवलेला हंगेरियन नट बेला लुगोसी होता. आणि त्याच नेपथ्यात, त्याच पटकथेच्या आधारे, रात्रीच्या वेळी जॉर्ज मेलफर्ड यांनी स्पॅनिश भाषेतली आवृत्ती चित्रित केली. तुलनेसाठी याहून स्वच्छ प्रयोग कोणी योजूनही केला नसता. स्पॅनिश आवृत्तीतला काउंट, कार्लोस व्हिलारियास, लुगोसीच्या तुलनेने उघडपणे दुबळा आहे: डोळे वटारणे हाच त्याचा मुख्य आधार. काउंट जमला की चित्रपट जमला, हे सूत्र खरे असते तर ही आवृत्ती कधीच विसरली गेली असती. प्रत्यक्षात ती अधिक जिवंत आहे, कारण कॅमेरा तिच्यात हलतो, प्रसंगांना श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि मुख्य म्हणजे लुपिता तोवार हिची एव्हा (मीनाचे तिथले नाव) दंश झाल्यावर खरोखर बदलते, तिच्या हसण्यात, चालण्यात आणि प्रियकराकडे पाहण्यात काहीतरी परके शिरलेले प्रेक्षकाला दिसते. इंग्रजी आवृत्तीत हेलन चँडलरच्या मीनाला बहुतेक वेळ दिवाणखान्यात बसून राहावे लागते, आणि म्हणून पहिला वाड्यातला भाग संपल्यावर चित्रपट मंदावत जातो. लुगोसीचा संथ उच्चार आणि थांबे विलक्षण आहेत, एवढे कबूल केले पाहिजे. पण त्या चित्रपटात त्याच्याइतकाच लक्षात राहतो तो ड्वाइट फ्राय याचा रेनफील्ड, जहाजाच्या तळातून वर पाहत हसणारा, ज्याच्या चेहऱ्यावरच काउंटने माणसाचे काय केले हे वाचता येते. काउंटची भीती काउंटच्या चेहऱ्यावर नसते. ती इतरांच्या चेहऱ्यांवर असते.

ख्रिस्तोफर लीच्या चाहत्यांना हॅमर या ब्रिटिश कंपनीचे चित्रपट पुन्हा नीट पाहण्याची गरज आहे. टेरेन्स फिशर यांच्या १९५८ च्या चित्रपटात लीचा काउंट सुरुवातीच्या प्रसंगांनंतर एक शब्दही बोलत नाही; पुढचा सगळा भार पीटर कुशिंगच्या व्हॅन हेल्सिंगवर आहे, जो वैद्याच्या काटेकोरपणाने पुरावे तपासतो, घाबरलेल्या लहान मुलीच्या अंगावर स्वतःचा कोट घालतो आणि शेवटी टेबलावरून धावत जाऊन पडदे फाडून सूर्यप्रकाश आत घेतो. या मालिकेतला १९६० चा ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’ हा चित्रपट तर शीर्षकात ड्रॅक्युलाचे नाव असूनही ड्रॅक्युलाशिवाय काढलेला आहे. त्यात ली नाही, कुशिंग आहे, आणि तो हॅमरच्या उत्तम व्हॅम्पायरपटांत गणला जातो. उलट १९६६ च्या पुढच्या भागात ली परत येतो, पण कुशिंग नाही, लीला एकही संवाद नाही, आणि चित्रपट पोकळ वाटतो. आणखी काय सिद्ध व्हायचे बाकी आहे?

पुस्तकातल्या वर्णनाशी जुळणारा काउंट हवा, हा आग्रह धरणाऱ्यांसाठी १९७० चा हेसूस फ्रँको यांचा चित्रपट हे पुरेसे उत्तर आहे. स्टोकरने वर्णिल्याप्रमाणे त्यात लीला पांढरी मिशी आहे, रक्त पिऊन तो तरुण होत जातो, रेनफील्ड म्हणून क्लाउस किन्स्की आहे, व्हॅन हेल्सिंग म्हणून हर्बर्ट लोम. कागदावर यापेक्षा भारी पात्रयोजना सुचणे कठीण. तरीही चित्रपट निर्जीव आहे, कारण मिशी बरोबर असली तरी मीनाला करण्यासारखे काहीच दिलेले नाही. त्यानंतर सात वर्षांनी बीबीसीने फिलिप सॅव्हिल यांच्या दिग्दर्शनाखाली केलेले रूपांतर पाहावे. त्यात लुई जूर्दाँचा काउंट आवाजही चढवत नाही, इतका की त्याला कोणी सर्वश्रेष्ठ ड्रॅक्युला म्हणून घोषित करायला धजत नाही. पण जुडी बोकरची मीना, जबरदस्तीने रक्त पाजल्यानंतर स्वतःच्या अंगाची शिसारी येऊन कोसळणारी, आणि फ्रँक फिन्लेचा थकलेला, सहृदय व्हॅन हेल्सिंग यांच्यामुळे हे रूपांतर आजवरच्या सर्व रूपांतरांत कादंबरीच्या गाभ्याच्या सर्वांत जवळ पोहोचते. त्यात मीना आणि कादंबरीत तिची मैत्रीण असलेली ल्यूसी यांना बहिणी केले आहे, म्हणजे तपशिलाची निष्ठा त्यातही मोडलेली आहे. ती मोडली तरी चालते. मीनाची यातना मोडून चालत नाही.

नेमके तेच कपोला यांच्या चित्रपटाने केले आणि म्हणून या चित्रपटापाशी अधिक थांबणे भाग आहे. शीर्षकात लेखकाचे नाव घालून निष्ठेचा दावा करणाऱ्या या चित्रपटात काउंटची शेकडो वर्षांपूर्वी मेलेली पत्नी मीनाच्या रूपाने पुनर्जन्म घेते, आणि मीना त्याच्या प्रेमात पडते. हा पुनर्जन्म कादंबरीत कुठेही नाही. ही युक्ती १९७३ च्या जॅक पॅलन्सच्या दूरचित्रवाणीपटातही वापरली गेली होती, म्हणजे ती नवीही नाही. कादंबरीत काउंट मीनाचे दोन्ही हात पकडून, नवरा शेजारी बेशुद्धीत पडलेला असताना, तिचे तोंड स्वतःच्या छातीवरच्या जखमेवर दाबून धरतो. नंतर ती स्वतःला विटाळलेली म्हणते आणि नवऱ्याला स्पर्श करायलाही धजत नाही. कपोला यांच्या पडद्यावर हाच प्रसंग परस्पर संमतीचा प्रणय होतो, आणि ती स्वतःहून त्याचे रक्त मागते. बळजबरीचे प्रेमात रूपांतर करणे याला पात्राला खोली देणे म्हणतात का? ज्या कादंबरीत एक स्त्री आपल्यावर झालेल्या अत्याचारानंतरही शुद्ध बुद्धीने शत्रूचा मार्ग शोधून काढते, त्या कादंबरीतून तिची बुद्धी आणि तिची यातना दोन्ही काढून घेऊन तिला अत्याचाऱ्याची प्रेयसी करणे, आणि त्याला परिपक्वता म्हणणे, हे कोणत्या निकषाने? गॅरी ओल्डमनचा अभिनय समर्थ आहे आणि एइको इशिओका यांच्या वेशभूषेला मिळालेला ऑस्कर पुरस्कार रास्तच होता. पण ही सारी संपत्ती काउंटच्या अंगावर खर्च झाली आहे. विनोना रायडरच्या वाट्याला मीना आलीच नाही, दोन वेगवेगळ्या स्त्रियांचे तुकडे आले. या चित्रपटाच्या अपयशाचे खापर मात्र जोनाथन झालेल्या कियानू रीव्हजच्या इंग्रजी उच्चारांवर फोडले जाते, जणू उच्चार सुधारले असते तर कादंबरी वाचली असती.

भारतीय उपखंडातही हीच नजर कायम आहे. रामसे बंधूंचा १९९० चा ‘बंद दरवाजा’ म्हटले की प्रेक्षकांना आठवतो तो उंचापुऱ्या अनिरुद्ध अगरवालचा नेवला हा राक्षस. पण त्या कथेचे इंजिन काय आहे? मूल होत नाही म्हणून नवरा दुसरे लग्न करील या भीतीने एक स्त्री काळ्या पहाडीवर जाते आणि मुलगी झाली तर ती त्या राक्षसाची, अशी अट मान्य करते. आपल्या समाजाला नीट ओळखीचे असलेले हे दुःख त्या भयपटाच्या मुळाशी आहे आणि त्याविषयी अवाक्षर न काढता चर्चा मात्र राक्षसाच्या उंचीची होते. मराठी वाचकाला तरी याहून चांगली शिकवण मिळालेली होती. ड्रॅक्युला विसाव्या शतकातल्या एखाद्या अमेरिकी गावात आला तर काय होईल, या विचारातून स्टीफन किंगने १९७५ साली ‘सेलम्स लॉट’ लिहिली आणि नारायण धारपांनी तिचा आधार घेऊन ‘लुचाई’ मराठीत आणली. शिवाय धारपांच्या ‘समर्थ’ कथांमध्ये एका कथेतून दुसऱ्या कथेत जातो तो दुष्ट शक्तींशी झुंजणारा समर्थ, पिशाच्चे प्रत्येक वेळी नवी येतात आणि संपतात. धारप वाचून वाढलेल्या पिढीने पडद्यासमोर बसल्यावर एवढे साधे तत्त्व विसरावे, याचे वाईट वाटते.

ज्या रूपांतरांनी हे तत्त्व जाणले, ती आपोआप उंचावली आहेत. व्हेर्नर हेर्त्सोग यांच्या १९७९ च्या ‘नोस्फेराटू’त इझाबेल अजानी प्लेगने ग्रासलेल्या गावात एकटी सत्य सांगत फिरते आणि कोणी ऐकत नाही, किन्स्कीचा काउंट तिच्यासमोर केविलवाणा वाटतो आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षीच्या फ्रँक लँजेलाच्या चित्रपटात नावांची अदलाबदल करून केट नेलिगनला दिलेली ल्यूसी ही स्वतंत्र वृत्तीची आहे, म्हणूनच तो चित्रपट निव्वळ शृंगारपट होण्यापासून वाचतो. २०२० च्या बीबीसी मालिकेत क्लेस बँगचा काउंट जोवर डॉली वेल्सच्या सिस्टर अगाथासमोर उभा आहे तोवर प्रत्येक वाक्य धारदार आहे, आणि ती जोडी मोडली की मालिका ढासळते. रॉबर्ट एगर्स यांचा २०२४ चा ‘नोस्फेराटू’ लिली-रोझ डेपच्या एलेनपासून सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो; तिने आपल्या देहाच्या आक्रोशातून भय उभे केले, आणि तरीही प्रेक्षकांची बरीच चर्चा बिल स्कार्सगार्डच्या मिशीभोवती फिरली.

यापुढे कोणी हे पुस्तक मराठीत किंवा हिंदीत पडद्यावर आणणार असेल, तर पहिली निवड मीनाची व्हावी आणि ती एका प्रसंगावरून व्हावी, जो बहुतेक रूपांतरांनी गाळला आहे. काउंटच्या रक्ताने आपण पालटत चाललो आहोत हे कळल्यावर मीना सर्व पुरुषांना बोलावते, त्यांच्याकडून वचन घेते की आपण पूर्ण पालटलो तर त्यांनी आपल्याला ठार करावे, आणि मग जिवंतपणीच स्वतःसाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचायला नवऱ्याला सांगते. तो वाचतो, त्याचा आवाज फुटतो, आणि ती शांत असते. जी नटी ही शांतता पेलू शकेल ती ‘ड्रॅक्युला’ची नायिका आहे, आणि तो चित्रपट तिचा आहे; काउंटसाठी नट त्यानंतर शोधता येईल, आणि तो सापडेलही.